सासर अल्मोड्याचं : पहाडी घरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर गुहागरकडचं, सासर अल्मोड्याचं आणि बिऱ्हाड पुण्यात. लग्नाला १९ वर्षं झाली, तरी मावश्या, शेजारणी, ऑफिसातल्या मैत्रिणी आणि आता मुलांच्या मित्रांच्या आया तेच ते प्रश्न विचारतात. दर वेळी तोंडी उत्तरं देऊन मी दमले, म्हणून एकदाच लिहून ठेवते आहे. मी पाहिलंय ते मुख्यतः कुमाऊं, म्हणजे उत्तराखंडाचा अल्मोड्याकडचा भाग. गढवालची माहिती जावेकडून आली आहे, आणि ती टिहरीची असल्यामुळे गढवालच्या बाजूने थोडं झुकतं माप असणारच.

पहाडी म्हणजे नेमके कोण? हिमाचलवालेही पहाडीच ना?

हो, तेही स्वतःला पहाडीच म्हणवतात, आणि त्यांची टोपी, नाटीचा नाच, धामची पंगत हा वेगळा संसार आहे. या पानावर मी उत्तराखंडातल्या पहाड्यांबद्दल लिहिते आहे. हे राज्य ९ नोव्हेंबर २००० ला उत्तर प्रदेशातून वेगळं झालं. त्यात कुमाऊंचे ६ जिल्हे आणि गढवालचे ७. पण पहाडी माणसाला गाव विचारलंत तर तो राज्य किंवा जिल्हा सांगून थांबत नाही. गावाचं नाव आलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मल्ला की तल्ला? म्हणजे वरचा की खालचा. वरची आळी आणि खालची आळी यांच्यातला ताठा गुहागरात जन्मलेल्या बाईला समजावून सांगावा लागला नाही.

सासरचं आडनाव जोशी? मग ते मूळचे मराठीच असणार!

माझं माहेरचं आडनावही जोशीच. त्यामुळे लग्नानंतर बँकेत जाऊन कागद बदलायचा त्रास वाचला, एवढाच या योगायोगाचा मला झालेला फायदा. जोशी हे ‘ज्योतिषी’वरून आलेलं नाव. पंचांग सांगणारे जिथे होते तिथे जोशी झाले.

पंतांची गोष्ट जरा वेगळी. कुमाऊंच्या पंत घराण्यांत परंपरेने सांगतात की त्यांचा मूळपुरुष जयदेव पंत कोकणातून तिकडे गेला. माझे सासरेही हे मोठ्या अभिमानाने सांगायचे, कारण त्यांची आई पंतांकडची. घराण्याची आठवण म्हणून ऐकायला गोड वाटते. इतिहासाचा पुरावा म्हणून मी ती कोणापुढे ठेवत नाही.

गढवालच्या आडनावांत मात्र मराठी माणसाला आपली पद्धत चटकन दिसेल. नौटी गावचा तो नौटियाल, थापली गावचा थपलियाल, डिम्मरचा डिमरी. आपण ‘कर’ लावतो, ते बहुधा ‘याल’ लावतात.

त्यांची बोली मराठीसारखी आहे असं म्हणतात. खरं का?

भाषा वेगळी. पण शब्द असे अचानक ओळखीचे निघतात की माणूस गाफील राहतो आणि आपटतो. पाणी म्हणजे पाणि, ण सकट. चहाला चहाच म्हणतात, हिंदीसारखं चाय नाही. भात भातच. जुन्या घराच्या तळमजल्यावर गुरं बांधतात ते गोठ. समोर दगडी फरश्या घातलेलं अंगण ते पटांगण. गढवालीत तर ळसुद्धा ठणठणीत आहे. इथवर सगळं छान. पुढे ‘खोली’ येते. तिकडे खोली म्हणजे घराचा नक्षीदार मुख्य दरवाजा. ‘खोली पे बैठी है’ असं ऐकून मी आतल्या सगळ्या खोल्या शोधून आले होते.

आणि घाम. लग्नानंतरच्या पहिल्या जानेवारीत सासूबाई (त्यांना सगळे ईजा म्हणतात, कुमाऊनीत ईजा म्हणजे आई) मला म्हणाल्या, ‘आ, घाम ताप ले.’ मला वाटलं, विचारताहेत की घाम आला का, ताप आहे का. मी नम्रपणे सांगितलं, ‘घाम तो नहीं आया, ईजा.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर आभाळाकडे पाहिलं. पटांगणभर लखलखीत ऊन पडलं होतं. कारण तिकडे घाम म्हणजे ऊन! दोन्ही शब्द संस्कृत ‘घर्म’चेच. त्यांनी आभाळातला धरला, आपण अंगावरचा. मुंबई-कोकणातली हवा पाहता आपली निवड चुकली असं म्हणवत नाही.

घाम तापणे हा तिथला हिवाळ्यातला मुख्य उद्योग आहे, हेही सांगून ठेवते. उन्हाकडे पाठ करून बसायचं, स्वेटर विणायचं, गाजरं-मुळे खायचे आणि समोरच्या डोंगरावरच्या रस्त्याने कोण चाललंय ते ओळखायचं. ऊन सरकलं की माणसं सरकतात. दुपारपर्यंत अख्खं कुटुंब पटांगणाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचलेलं असतं.

जावई हिंदी बोलताना सारखं ‘ठैरा’ का म्हणतात?

तो ‘ठहरा’ आहे, पण थांबण्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘वो तो ऐसा ही ठैरा’ म्हणजे ‘तो तसाच आहे, आता काय करणार’. वस्तुस्थिती आणि तिला दिलेली मान्यता एकाच शब्दात. दुसरा शब्द ‘बल’. ‘कल बारिश होगी बल’ म्हणजे ‘उद्या पाऊस पडेल म्हणे’. ऐकीव गोष्टीची जबाबदारी न घेण्याची सोय मराठीत आहे, हिंदीत नाही. म्हणून पहाडी माणूस हिंदीत आपली सोय घालून घेतो. ‘लाटा’ किंवा ‘लाटी’ म्हणाले तर रागावू नका. वेडाबाई म्हणतो ना आपण, तसं आहे ते. थोरल्या भावाला दाज्यू, धाकट्याला भुला, आजीला आमा, आजोबांना बूबू. वडिलांना बाबू किंवा बौज्यू. आमच्या मुलांनी तिकडची आमा आणि इकडची आजी अशी दोन खाती उघडलीत. दोन्हीकडून वसुली चालू असते.

युनेस्कोच्या यादीत कुमाऊनी आणि गढवाली या दोन्ही धोक्याकडे झुकलेल्या भाषांत मोडतात. आमच्या घरात तर दिसतंच आहे. ईजा बोलते, नवऱ्याला बोलता येतं, मुलांना फक्त शिव्या आणि खाण्याचे पदार्थ कळतात.

‘बस, यहीं तो है’ म्हणजे किती लांब?

तीन किलोमीटर. चढ धरलेला नाही.

मुलांना गाडी लागते, काय करावं?

मुलांना कशाला, अख्ख्या बसला लागते. काठगोदामपर्यंत रेल्वे १८८४ साली पोचली आणि तिथेच थांबली. पुढे अल्मोड्यापर्यंत नव्वदेक किलोमीटर वळणंच वळणं. पहाडी मुलाच्या बालपणाचा वास कसला, असं विचारलंत तर लोक देवदार आणि बुरांशची लाल फुलं वगैरे सांगतील. माझा नवरा म्हणतो, केमूच्या बसमधलं डिझेल आणि कुणीतरी सोललेलं संत्रं. केमू म्हणजे कुमाऊं मोटर ओनर्स युनियन, १९३९ पासूनची. आमच्याकडे लाल डबा, त्यांच्याकडे केमू. उपाय म्हणाल तर खिडकीची जागा, हुंगायला लिंबू, चघळायला आंबट गोळी आणि रिकामं पोट नको. खिडकीतून डोकं बाहेर काढणाऱ्याच्या मागच्या सीटवर बसू नका, हा सल्ला मला कोणी दिला नव्हता.

मुलांना म्हणे खाजऱ्या पानांनी फोडून काढतात?

सिसूण. गढवालीत कंडाली, हिंदीत बिच्छू घास. आपल्या खाजकुइलीची आठवण करून देणारं झाड, पण चावा जास्त. पूर्वी उनाड पोरांना पोटरीवर त्याचा एक फटका मिळायचा, आणि आज चाळिशीत असलेले बरेच पहाडी ते ‘आमच्या वेळी’ म्हणून कौतुकाने सांगतात. मला त्यात कौतुक वाटत नाही. पण त्याच सिसूणाची कोवळी पानं चिमट्याने खुडून, उकडून केलेली भाजी मात्र उत्तम लागते. शिजली की दंश जातो.

तुम्ही मुलांना भांगेची चटणी देता???

तीन प्रश्नचिन्हं मूळ प्रश्नातलीच आहेत, माझ्या मावशीची. हो, देतो. भांगेच्या बिया असतात त्या, पानं किंवा गांजा नव्हे. बियांत नशा नसते. कोरड्या भाजायच्या, वाटायच्या, मग लिंबू, हिरवी मिरची, मीठ. चव तीळ आणि अक्रोड यांच्या मधली. पाट्यावर वाटली तर कवचाचा कचकचीतपणा राहतो, मिक्सरमधून गाळून घेतात ते नव्या सुनांचे लाड.

खाण्याबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मलाही हाच विषय आवडतो. लग्नाआधी मला भीती होती की रोज राजमा आणि पराठे. गेले तर समोर कुळीथ! तिकडे त्याला गहत म्हणतात. थंडीत त्याचं दाट कालवण, वाटून केलेले डुबके, भाकरीत भरून. आणि कोकणातल्याप्रमाणेच तिकडेही प्रत्येक काकू सांगते की मुतखड्यावर हे रामबाण. भाकरी मडुव्याची, म्हणजे आपली नाचणी. झंगोरा म्हणजे भगरीचा चुलतभाऊ, त्याची खीर करतात. काळ्या सोयाबीनला भट्ट म्हणतात, त्याची चुडकाणी, म्हणजे कालवण, पहिल्यांदा पाहिली की रंगाने दचकायला होतं, दुसऱ्यांदा आपण वाडगा पुढे करतो. काकडीच्या रायत्यात कच्ची मोहरी फेसून घालतात. ती नाकातून थेट मेंदूत जाते. नागपूरच्या मामांनी पहिल्या घासाला टेबल धरलं होतं.

पण पहाडी माणसाला परदेशात रडवायचं असेल तर एकच शब्द पुरे : निंबू सान्ना. ईडलिंबाएवढं पहाडी लिंबू सोलून त्याच्या फोडी मोकळ्या करायच्या. मुळ्याचे पातळ काप, दही, भाजून वाटलेली भांग, मिरची-कोथिंबीर, मीठ आणि गूळ. काहीजणी केळं आणि संत्रंही घालतात. सगळं परातीत हाताने कालवायचं. हे जेवणाच्या पानात वाढत नाहीत. जानेवारीतल्या दुपारी, गच्चीवर, घाम तापताना, शेजारणींसकट खायचं असतं. पुण्यात मी दोनदा करून पाहिलं. जिन्नस सगळे मिळवले होते, भांग पार्सलने आली होती. नवरा दोन घास खाऊन म्हणाला, ठीक ठैरा. फ्लॅटमध्ये ऊनच येत नाही आमच्या.

चहाबरोबर गूळ वेगळा का देतात?

बिनसाखरेचा चहा, आणि हातात गुळाचा किंवा खडीसाखरेचा तुकडा. एक घोट, एक चावा. याला कटकी म्हणतात. गूळ कपात टाकू नका. मी टाकला होता, चहा नासला आणि आमा हसत राहिली.

कावळ्याला बोलावून खाऊ घालतात, तेही सणाला? अशुभ नाही वाटत?

आपल्याकडे कावळा म्हटलं की पिंड आणि दर्भ आठवतो, म्हणून माझ्या आईलाही हे खटकलं होतं. कुमाऊंत मकर संक्रांतीला घुघुतिया असतो. गूळ घातलेल्या कणकेच्या वळ्या, ढाल, तलवार, डमरू असे आकार तळून त्यांची माळ करतात, मधोमध संत्रं ओवतात. पहाटे कडाक्याच्या थंडीत पोरं ती माळ गळ्यात घालून छतावर चढतात आणि ‘काले! काले!’ ओरडून कावळ्यांना बोलावतात. कुमाऊंच्या चंद घराण्यातल्या राजाच्या लाडक्या मुलाला कावळ्यांनी वाचवलं अशी कथा सांगतात. सरयूच्या या तीरावर आणि त्या तीरावर सणाच्या दिवसात एका दिवसाचा फरक असतो. त्यामुळे आजोळ पलीकडे असलेल्या मुलांची चंगळ, आणि कावळ्यांचीही.

याच संक्रांतीला बागेश्वरला सरयू आणि गोमतीच्या संगमावर उत्तरायणीची जत्रा भरते. १९२१ च्या जत्रेत बद्रीदत्त पांडे आणि इतरांच्या पुढाकाराने लोकांनी कुली बेगारीच्या वह्या सरयूत फेकून दिल्या. इंग्रज साहेबाचं सामान फुकट वाहण्यासाठी गावकऱ्यांची नावं त्या वह्यांत असायची. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचं नावही त्यात असणार, असं ते म्हणायचे. पुरावा अर्थातच सरयूत.

तूप नाही खाल्लं तर पुढच्या जन्मी गोगलगाय होतो, हे खरं का?

ऑगस्टच्या मध्यावर घी संक्रांत येते. त्या दिवशी तूप न खाणारा गनेल, म्हणजे गोगलगाय, होतो. कोलेस्टेरॉल वाढलेल्या काकांना डॉक्टरांनी मना केलं होतं, तर त्यांच्या कपाळाला तुपाचं बोट लावून भागवलं.

काफळ म्हणजे काय? नवरा त्याचं नाव काढून गप्प का होतो?

रानात होणारं लालसर, आंबटगोड, बोरापेक्षा लहान फळ. आठळी मोठी, गर नावाला. उन्हाळ्याच्या सुरुवातीला येतं आणि दोन दिवसांत खराब होतं, म्हणून पुण्याच्या बाजारात शोधू नका. मीठ आणि मोहरीचं तेल लावून खातात.

गप्प होण्याचं कारण गोष्ट आहे. एका गरीब बाईने टोपलीभर काफळं आणली, मुलीला राखण करायला सांगितलं आणि शेतावर गेली. उन्हाने फळं सुकून टोपली उणी दिसू लागली. परतलेल्या आईला वाटलं, पोरीने खाल्ली. रागाने मारलं, त्यात उपाशी पोर गेली. संध्याकाळी पाऊस आला, फळं फुगली, टोपली पुन्हा काठोकाठ भरली. तिकडे एक कोकीळ कुळातला पक्षी याच दिवसांत ओरडतो : ‘काफल पाको, मैं नि चाखो’. काफळ पिकलं, मी नाही चाखलं. आपल्याकडे पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणतो. तोही त्याच कुळातला, पण आपण त्याच्या ओरडण्यातून कामाची आठवण ऐकतो आणि ते भुकेली पोर ऐकतात. ही गोष्ट तिथे पाच वर्षांच्या मुलांना झोपताना सांगतात. का सांगतात, मला माहीत नाही. मी आमच्या मुलांना सांगितली नव्हती. ईजाने सांगितली.

देवाला स्टँपपेपरवर अर्ज करतात म्हणे?

गोलू देवता. न्यायाचा देव. अल्मोड्याजवळ चितईला त्याचं देऊळ आहे. तिथे घंटाच घंटा टांगलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये अर्ज : जमिनीचा वाद, नोकरी, नवऱ्याचं दारूचं व्यसन, कुणी साध्या वहीच्या पानावर, कुणी खरोखर स्टँपपेपरवर. काम झालं की घंटा बांधायची. कोकणात आपण देवळात उभं राहून गाऱ्हाणं घालतो, तेच, फक्त लेखी. मला त्यात जास्त सरकारी काही वाटलं नाही. आपल्या गाऱ्हाण्यात ‘बारा-पाचाच्या महाराजा’ला निदान आळवणी तरी असते. चितईचे काही अर्ज सरळ तक्रारीच्या सुरात आहेत.

जागर मात्र रात्रीचा. जगरिया, म्हणजे गाणारा, हुडका नावाचं छोटं वाद्य वाजवत देवाची कथा गातो, डंगरियाच्या अंगात देव येतो, मग घरचे प्रश्न विचारतात. गोंधळ आणि कोकणातला अवसर ज्यांनी पाहिला आहे त्यांना ओळखीचं वाटेल. विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मोबाइल काढून शूटिंग करू नका, एवढीच विनंती.

प्रत्येक घरात एक तरी फौजी असतोच का?

जवळजवळ. राणीखेतला कुमाऊं रेजिमेंट, लॅन्सडाउनला गढवाल रायफल्स. साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीत गेला असाल तर अर्धी कल्पना येईल. पहिलं परमवीर चक्र ४ कुमाऊंच्या मेजर सोमनाथ शर्मांना, १९४७ च्या लढाईसाठी, मरणोत्तर. ते स्वतः हिमाचलचे. आणि त्या पदकाची रचना मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून खानोलकर झालेल्या सावित्रीबाईंची. लग्नकार्यात कॅन्टीनची रम कोणत्या काकांकडून येणार हे पत्रिका छापण्याआधी ठरतं.

पहाडी माणसं किती साधी, भोळी असतात ना?

हे ऐकलं की माझ्या नवऱ्याचं डोकं फिरतं. दिल्लीत त्याला ‘ए पहाडी’ म्हणणारेही हेच वाक्य पुढे जोडायचे.

आणि ज्या गोष्टी फोटोत येत नाहीत त्याही सांगते. डोक्यावर गवताचा भारा घेऊन उतरणारी बाई फोटोत सुंदर दिसते. ती त्या उतारावर पहाटेपासून असते, आणि घसरून पडलेल्या बाया प्रत्येक गावाला माहीत आहेत. पाळीच्या दिवसांत बाईने खाली गोठात राहायचं, ही रीत अनेक घरांत आमच्या पिढीपर्यंत होती. भात कोणाच्या हातचा चालतो आणि कोणाच्या नाही, हा हिशोब अजून पुरता मिटलेला नाही. ढोल-दमाऊ वाजवल्याशिवाय देव हलत नाही, पण वाजवणारा अंगणाच्या कडेला बसतो. आमच्या लग्नात मी विचारलं होतं, त्यांची पंगत वेगळी का. उत्तर आलं, ‘ऐसा ही ठैरा.’ या शब्दावर मी वर कौतुकाने लिहिलंय, पण त्या दिवशी तो मला आवडला नाही.

तिकडची गावं ओस पडली आहेत असं वाचलं.

२००१ आणि २०११ च्या जनगणनांच्या दरम्यान अल्मोडा आणि पौडी या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या चक्क घटली. आमच्या वाडीत १४ घरं, चूल पेटते ३ घरांत. पण कुलदेवतेच्या पूजेला दिल्ली, लखनौ, मुंबईहून सगळे येतात, बंद घरांची कुलपं तेल घालून उघडतात, चार दिवस पोरांचा गलका आणि मग पुन्हा कुलूप. गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी कोकणात उतरतात तेव्हा मी हेच बघत मोठी झाले. म्हणून असेल, त्या वाडीत मला परकं वाटायला हवं होतं तिथे वाटलं नाही.

बाल मिठाई किती दिवस टिकते?

अल्मोड्याची, परतून तपकिरी केलेल्या खव्याची, वर पांढऱ्या साखरेच्या गोळ्या. आठवडाभर टिकते म्हणतात. आमच्याकडे डबा स्टेशनवरून घरी येईपर्यंत अर्धा होतो, त्यामुळे माझा अनुभव अपुरा आहे.

सासूबाईंच्या पाकिटातून वाळकं गवत आलंय. काय करू?

हा प्रश्न मी स्वतः विचारला होता, पहिल्या जुलैत, फोनवर, नवरा ऑफिसात असताना. ते गवत नाही, हरेला आहे. श्रावण संक्रांतीच्या नऊ-दहा दिवस आधी टोपलीत पाच-सात धान्यं पेरतात, अंधारात ठेवतात, पिवळसर कोंब येतात. आपल्या घटातल्या धानासारखंच. दसऱ्याला आपण ते टोपीत खोवतो, ते कानामागे आणि डोक्यावर ठेवतात, आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस म्हणतं, ‘जी रया, जागि रया’, जगत राहा, जागे राहा. पहाडी लोक कुमाऊं रिकामं करून खाली उतरले तसा हरेला पोस्टाने जाऊ लागला. सीमेवरच्या छावणीत जातो, दुबईला जातो.

तर : पाकीट उघडताना खाली ताट धरा, कोंब मोडके असतात. आधी देवापुढे ठेवा. मग घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर दोन-दोन. घरी नसलेल्याच्या वाटणीचे बाजूला काढून ठेवा. पोस्टाला उशीर झाला आणि संक्रांत उलटून गेली असेल तरी चालतं, ईजाला मी तेही विचारून घेतलंय. पाकीट टाकू नका, आत कोपऱ्यात एखादा कोंब चिकटलेला असतो.